अवाक्षर

इंग्रजीत एके काळी 'मिस-से' असं एक क्रियापद होतं. आता ते कोणी बोलत नाही. मोठ्या शब्दकोशात सापडतं आणि पुढे जुना प्रयोग म्हणून खूण असते. मिस्टेक, मिसअंडरस्टँडिंग हे शब्द आपण मराठीत दिवसभर बोलतो. त्यांतला 'मिस' घ्यायचा आणि त्याला बोलण्याचा 'से' जोडायचा. आपल्याकडचा 'वावगं बोलणं' हा प्रयोग त्याच्या बराच जवळ जातो.

या क्रियापदाचे अर्थ दोन. एक, बोलण्यात चूक होणं, जीभ घसरणं. दुसरा, एखाद्याची निंदा करणं, त्याच्यावर आळ घेणं. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्रजी माणसाला या दोन्हींसाठी हा एक शब्द पुरत होता. आज त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. पुढारी भलतंच काही बोलून बसला की दुसऱ्या दिवशी 'आय मिसस्पोक' म्हणतो आणि मोकळा होतो. त्यात निंदेची छटा उरलेली नाही. निंदेसाठी 'स्लँडर' आहे. तो नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंचमधून आला. मूळ लॅटिन आणि ग्रीक, आणि 'स्कँडल' हा त्याचा सख्खा भाऊ. आपल्याकडे बदनामी आणि तोहमत दरबाराच्या भाषेतून आले आणि 'बोल लावणं' घरचं राहिलं, तसंच हे.

कागदपत्रांचं भाषांतर हे माझं रोजचं काम आहे. प्रतिज्ञापत्रं, करारनामे, नोटिसा, इंग्रजीतून मराठीत आणि उलट. बदनामीच्या नोटिसा पुष्कळ येतात. त्यातलं सगळं भांडण एका शब्दावर येऊन थांबतं, तो म्हणजे हेतू. मेकॉलेनं मसुदा केलेली आणि १८६० साली संमत झालेली भारतीय दंड संहिता कलम ४९९ मध्ये हेच विचारत असे: नुकसान करण्याच्या हेतूनं बोललात का, किंवा नुकसान होईल हे माहीत असून बोललात का? १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ३५६ आलं, शिक्षेत समाजसेवेची भर पडली, पण प्रश्न तोच राहिला. कायद्याला तो विचारावाच लागतो, नाहीतर उद्या कोणालाही तुरुंगात टाकता येईल. मी ही वाक्यं इतक्या वेळा मराठीत आणली आहेत की डोळे मिटून टाइप करू शकते. आणि दर वेळी माझं एक जुनं वाक्य आठवतं, ज्यात माझा काहीही हेतू नव्हता.

'मिस-से'चं व्याकरण मला फार जवळचं वाटलं. आजच्या इंग्रजीत कोणा'बद्दल' वाईट बोलतात. या जुन्या क्रियापदाचं कर्म थेट माणूसच असे. शब्द चुकीचे उच्चारले म्हणजे तो माणूसच चुकीचा उच्चारला गेला, अशी काहीशी रचना. मराठी कानाला ही लगेच ओळखीची लागते. 'ती माझ्याशी बोलली' आणि 'ती मला बोलली' यांत केवढं अंतर आहे! एका 'ला'नं बोलण्याचा मार होतो. म्हणून बोलणी 'खावी' लागतात. म्हणून बोल 'लागतो', जसा दगड लागतो. सज्जन माणसाचं कौतुक करताना आपण म्हणतो, त्यांनी कधी कोणाबद्दल अवाक्षर काढलं नाही. बिघडलेलं एक अक्षर. तेवढंही पुरतं, हे त्या शब्दात गृहीत आहे.

हे क्रियापद मला खऱ्या अर्थानं भेटलं ते टॉमस मॅलरीच्या आर्थर राजाच्या गोष्टींत. कॅक्स्टननं हे पुस्तक १४८५ साली छापलं. मॅलरी ते लिहिताना कैदेत होता. स्वतःला तो 'बंदिवान सरदार' म्हणवतो. अनेक अभ्यासक ज्या वॉरिकशरच्या मॅलरीला हा लेखक मानतात, त्याच्यावर लूटमार आणि बलात्कारापर्यंतचे आरोप होते आणि खटला कधी चाललाच नाही. आरोप खरे होते की शत्रूंनी रचलेले, यावर अजून वाद आहे. ज्याच्या नावापुढे हे सगळं लागलं आहे, त्याच्या लेखणीतून हा शब्द पुन्हा पुन्हा उतरतो.

गोष्ट अशी. पेंटेकॉस्टच्या सणाला आर्थरच्या दरबारात एक उंचापुरा तरुण येतो. नाव सांगत नाही. वर्षभर खायला-प्यायला मागतो आणि आणखी दोन मागण्या वर्षानंतर करीन म्हणतो. दरबारातला के नावाचा सरदार त्याची टर उडवतो. ज्यानं घोडा आणि शस्त्रं मागायची सोडून जेवण मागितलं, तो हलक्या कुळातलाच असणार. त्याचे हात तेवढे मोठे आणि देखणे, म्हणून के त्याला 'बोमेन्स' म्हणतो, सुंदर हातांचा, आणि स्वयंपाकघरात धाडतो. वर्षभर तो तिथल्या पोरांबरोबर राहतो, खातो, झोपतो.

इथे मला आपला 'नाव ठेवणं' हा प्रयोग आठवल्याशिवाय राहत नाही. बारशाला नाव ठेवतात. तेच अनेकवचनात गेलं की नावं ठेवतात. एका मात्रेचा, एका अनुस्वाराचा फरक, आणि जे दिलं होतं तेच काढून घेतलं जातं. केनं दोन्ही एका झटक्यात केलं. बारसंही केलं आणि नावंही ठेवली.

वर्षानं एक तरुणी दरबारात येते, बहिणीला वेढ्यातून सोडवायला एखादा सरदार द्या म्हणून. बोमेन्स ती कामगिरी मागून घेतो. मुलगी संतापते. मी सरदार मागितला आणि मला खरकटी काढणारा दिला! वाटभर ती त्याला बोलते. तुझ्या अंगाला स्वयंपाकघराचा वास येतो, कपड्यांवर तूपचरबीचे डाग आहेत, तू मांसाच्या सळया फिरवणारा, डाव धुणारा. एका वाड्यात यजमान त्याला तिच्यासमोर जेवायला बसवतात तर ती ऐकून घेत नाही. बिचारे यजमान त्याला बाजूच्या टेबलावर नेतात आणि स्वतः त्याच्यासमोर बसतात.

आणि याहून वाईट एक गोष्ट ती करते. नदीच्या उताराजवळ तो दोन सरदारांना हरवतो. तिच्या डोळ्यांसमोर घडतं सगळं. तरी ती म्हणते, पहिल्याचा घोडा अडखळला म्हणून तो बुडाला, आणि दुसऱ्याला तू मागून गाठलंस. शिव्या एक वेळ धुतल्या जातात. पण जे झालं ते तसं झालंच नाही असं सांगणं, हे या क्रियापदाचे दोन्ही अर्थ एकत्र आले की होतं.

मजल दरमजल तो जिंकत जातो आणि शेवटी तिचा आवाज उतरतो. इतकं बोलले तरी तू उलट एक शब्द काढला नाहीस, तू आहेस तरी कोण, असं ती विचारते. त्यावर त्याचं उत्तर मला मूळ शब्दांसकट पाठ आहे. मराठीत सांगायचं तर: तुम्ही मला जे जे वावगं बोललात, त्यानं मला लढाईत बळच आलं, राग मी समोरच्यावर काढला, शेवटी मी कोण आहे ते सिद्ध करून दाखवायचं मनात होतं. ती म्हणते, मी तुला जे वावगं बोलले आणि वागले त्याची क्षमा कर. तो म्हणतो, मनापासून केली.

कॉलेजात वाचलं तेव्हा मला हे उत्तर फार आवडलं होतं. निंदकाचे घर असावे शेजारी, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं, आणि इथे एक परका सरदार तेच सांगत होता. आता मी त्या पानावर अडते. मुलीला पश्चात्ताप होतो त्याच क्षणी ती म्हणते की तू थोर कुळातलाच असला पाहिजेस. आणि तो असतोच. खरं नाव गॅरेथ, आर्थर राजाचा भाचा. म्हणजे केचं बोलणं चुकलं ते एवढ्यापुरतंच, की स्वयंपाकघरातला मुलगा मुळात स्वयंपाकघरातला नव्हता. तो खरोखरच डाव धुणारा असता तर? मग ते बोलणं वावगं ठरलंच नसतं का? 'निंदकाचे घर' ही म्हणही ज्याची निंदा झाली त्यानंच म्हणायची आहे. दुसऱ्यानं त्याला ऐकवायची नाही, असं मला वाटतं. कारण जिच्याबद्दल मी बोलले, तिच्यामागे कुठलं राजकुळ निघणार नव्हतं.

वाईत आमचं मोठं कुटुंब होतं. आजी, तीन काका, दोन आत्या येऊन-जाऊन, आणि आम्ही पोरं. धुण्याभांड्याला एक मावशी येत. सकाळी मागच्या दारानं यायच्या, रात्रीची भांडी राखेनं घासायच्या, पालथी घालायच्या, आणि वाळली की पुसून फडताळात लावायच्या. तळहात राखेनं कायम भेगाळलेले असायचे. भेगांत काळ्या रेषा. घंगाळ घासताना त्या गुणगुणत, आणि मी जवळ गेले की थांबून हसत.

मी दहा वर्षांची असताना, १९८४ साली, धाकट्या चुलतभावाच्या उष्टावणाला आलेली चांदीची वाटी दिसेनाशी झाली. दोन दिवस शोधाशोध झाली. तिसऱ्या दिवशी आजीनं सगळ्यांना ओटीवर बसवून विचारलं, फडताळाजवळ कोण कोण गेलं होतं? सगळे गप्प. त्या शांततेत मी म्हणाले, ''मावशी होत्या.''

यात खोटं काही नव्हतं. मावशी रोजच फडताळाजवळ असत, ते त्यांचं कामच होतं. मला कोणावर ठपका ठेवायचा नव्हता. मला फक्त उत्तर येत होतं. वर्गात हात वर करावा तसं मी ते दिलं.

आजी काही ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी मावशी मागच्या दारात आल्या तेव्हा तिनं महिन्याचे पैसे हातावर ठेवले आणि उद्यापासून येऊ नका म्हणाली. का, असं त्यांनी विचारलं. आजी म्हणाली, ''पोरीनं बघितलंय.'' मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग आजीला म्हणाल्या, ''मला काय बोलायचं ते तुमच्या तोंडानं बोला. लेकराच्या तोंडानं नगा बोलू.'' पैसे पदराला बांधले आणि गेल्या. पदराची गाठ मारताना त्यांची बोटं दोनदा सुटली, हे मला अजून दिसतं.

महिन्याभरात आळीतली त्यांची आणखी तीन घरं सुटली.

दिवाळीच्या आधी वर्षाच्या तांदळाचं पिंप रिकामं करायला काढलं. काकू वाकून तळाचे तांदूळ सुपात काढत होती. खण्ण असा आवाज झाला आणि तिच्या हातात वाटी आली, काळी पडलेली, कडेला तांदळाचा पांढरा भुगा चिकटलेला. घाईत कोणीतरी मापट्याऐवजी तीच वापरली होती आणि ती आत राहिली, वरून तांदूळ पडले. काकूनं ती रांगोळीनं घासून लखलखीत केली. आजी म्हणाली, ''बरं झालं, घरातली वस्तू घरात राहिली.'' निरोप कोणी धाडला नाही. मीही कोणाला म्हटलं नाही की मावशींना सांगूया. दहा वर्षांच्या मुलीला तेवढं नक्की कळतं. मला कळत होतं.

पुढे या क्रियापदाच्या नादानं मी इंग्लंडमधल्या जुन्या बदनामीच्या खटल्यांबद्दल मिळेल ते वाचत गेले. सोळाव्या-सतराव्या शतकात असले दावे राजाच्या न्यायालयांत इतके वाढले की न्यायाधीशांनी शब्दांचा सौम्यात सौम्य अर्थ घ्यायचा नेम केला. बर्मिंगहॅमजवळच्या ॲस्टन इथले सर टॉमस होल्ट. त्यांच्याबद्दल एकानं म्हटलं की त्यांनी आपल्या स्वयंपाक्याच्या डोक्यात सुरा घातला आणि डोक्याची एक फाळ एका खांद्यावर पडली, दुसरी दुसऱ्या खांद्यावर. होल्टनी दावा लावला. न्यायाधीश म्हणाले, स्वयंपाकी मेला असं कुठे म्हटलंय? खुनाचा आरोप होत नाही. दावा फेटाळला. हे वाचून बाकीचे लोक हसतात. मला माझं वाक्य आठवलं. 'मावशी होत्या.' त्या न्यायालयात ते निर्दोष सुटलं असतं. आजच्याही सुटेल. त्यात सौम्य अर्थाखेरीज काहीच नाही. आणि चार घरं गेली.

चॉसर या इंग्रजी कवीनं हा पेच त्याआधीच टिपून ठेवला होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या त्याच्या कँटरबरीच्या वारीत एक दारू प्यालेला चक्कीवाला गोष्ट सांगायला उठतो आणि आधीच सांगून ठेवतो की माझ्या तोंडून काही वावगं निघालं तर लंडनजवळच्या सदर्कच्या दारूला बोल लावा. गोष्ट असणार एका सुताराची आणि त्याच्या बायकोची. ऐकणाऱ्यांत एक कारभारी आहे, जो तरुणपणी सुतारकाम शिकलेला. तो ताडकन म्हणतो, कोणाची अब्रू घेणं पाप आहे, आणि बायकांना तर अशा बोलण्यात ओढूच नये. एक म्हणतो जीभ घसरली, दुसरा म्हणतो अब्रू गेली. बोलणारा आणि ज्याला लागतं तो, दोघं एकाच बोलण्याकडे बघताहेत. जुन्या क्रियापदानं हे दोघं एका छताखाली ठेवले होते. नंतर त्यांची वाटणी झाली आणि 'तसं म्हणायचं नव्हतं मला' हे म्हणायची सोय बोलणाऱ्याच्या वाट्याला आली. ती सोय मी अनेक वर्षं वापरली.

राजाच्या न्यायालयांहून मला तिथली चर्चची न्यायालयं जास्त समजतात. १२२२ साली ऑक्सफर्डच्या धर्मसभेनं ठरवलं की द्वेषानं दुसऱ्यावर गुन्ह्याचा आळ घेणाऱ्याला बहिष्कृत करावं. त्या आधारावर सहाशे वर्षं सामान्य माणसं तिथे दाद मागत राहिली. सतराव्या शतकात तर त्यांत बायका फार. शेजारणीनं भर रस्त्यात छिनाल म्हटलं, अशा तक्रारी. एकट्या यॉर्कच्या दफ्तरात चर्चच्या न्यायालयांतल्या चौदा हजारांवर दाव्यांचे कागद आहेत, ते सगळे बदनामीचे नव्हेत, पण बदनामीचे ढीगभर. इथे नुकसानभरपाईचे पैसे मिळत नसत. जिनं आळ घेतला तिनं आपल्या गावच्या चर्चमध्ये जायचं, कधी अंगावर पांढरी चादर घेऊन अनवाणी, कधी साध्या कपड्यांत, आणि मी अमुक बोलले, ते वावगं बोलले, असं जिला बोलले तिच्या आणि गावाच्या देखत उच्चारायचं. १८५५ साली हा अधिकार त्या न्यायालयांकडून काढून घेतला गेला. त्यात माणसाची विटंबना होती आणि ती गेली हे बरंच झालं. पण एक गोष्ट त्यांना नेमकी कळली होती. बोलणं जिथे ऐकलं गेलं, तिथेच ते परत घ्यावं लागतं. मॅलरीच्या त्या मुलीनं वाटेवर एकट्याला क्षमा मागितली. तेवढ्यानं केनं दरबारात ठेवलेलं नाव पुसलं जात नाही.

आई गेल्यावर ती वाटी माझ्याकडे आली. पुण्यात माझ्या स्वयंपाकघरात आहे. मी तिच्यात काही ठेवत नाही.

परवा थंडी सरताना कृष्णाबाईच्या उत्सवाला वाईला गेले होते. घाटावर देवी बसली होती, मागच्या पटांगणात महाप्रसादाच्या पंगती. शेजारच्या वाड्यातल्या काकू भेटल्या, आता ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या शेजारी पान मांडून बसले. आळीतल्याच आठ-दहा बायका होत्या, काही ओळखीच्या, काही त्यांच्या सुना. वरणभात वाढून झाला तेव्हा मी काकूंना म्हटलं, आमच्याकडे भांड्याला एक मावशी यायच्या, आठवतात का, त्या आता कुठे असतात?

काकूंनी क्षणभर आठवलं आणि म्हणाल्या, ''कोण गं? ती वाटीवाली?''

चाळीस वर्षं झाली होती.

''त्यांचं नाव काय होतं, काकू?'' काकूंना आठवेना. त्यांनी पलीकडच्या बाईंना विचारलं. त्यांनी आणखी पुढे. वाटीवाली म्हटल्यावर दोघींना लगेच कळलं, नाव कोणालाच सांगता आलं नाही. एक जण म्हणाली, मेणवलीकडची होती बहुतेक, लेकीकडे गेली पुढे. मलाही नाव माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मी म्हटलं, ''काकू, वाटी त्यांनी नेली नव्हती. आमच्याच तांदळाच्या पिंपात सापडली होती, त्याच दिवाळीला. मी चुकीचं बोलले होते.''

''अगंबाई,'' काकू म्हणाल्या. वाढपी आमटी घेऊन आला होता, त्यांनी पानावरून हात बाजूला घेतला.

पलीकडच्या रांगेतल्या बायकांना नीट ऐकू गेलं नव्हतं. काय म्हणतेय ती, असं एकीनं विचारलं. मी पानावरून उठले आणि पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्यानं.